पिवळं तोंड

त्या हिवाळ्यात मी आईशी फक्त चालता चालता बोलायचे. ॲन आर्बरच्या थंडीत बाहेर फोन हातात धरता येत नाही, बोटं बधिर होतात, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिने व्हिडिओ कॉल लावणं सोडून दिलं होतं. फोन कोटाच्या खिशात, इअरफोन टोपीखाली, आणि मी बर्फ बाजूला लोटलेल्या फुटपाथवरून चालते आहे, असं आमचं बोलणं चालायचं. खरं तर तिच्याशी बोलण्यासाठीच मी मुद्दाम बाहेर पडायचे. घरात हीटर होता, खुर्ची होती. पण घरात असते तर ती म्हणाली असती, "दिसू दे की जरा."

दिवाळीच्या आधीपासून माझ्या तोंडावर उठलं होतं. "उठलंय" हा आमच्या घरातला शब्द. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे शाळेत ते पिंपल्स होते आणि डॉक्टरांकडे ॲक्ने. क्रीमच्या मराठी जाहिरातीत तारुण्यपिटिका म्हणायचे, पण तो शब्द मी कधी मोठ्याने उच्चारलेला नाही. घरी मात्र नुसतं क्रियापद पुरायचं. "हिच्या तोंडावर परत उठलंय." काय उठलंय ते कोणी विचारत नसे.

आईच्या दोन्ही गालांवर बारीक खड्डे आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये ते दिसत नाहीत, कारण फोटो स्टुडिओवाल्याने तिचे गाल गुळगुळीत करून दिले होते. मी नववीत असताना माझ्या कपाळावर आणि मग गालांवर उठायला लागलं, तेव्हापासून घरी कोणी आलं की ती आपणहून म्हणायची, "माझ्यावर गेली." समोरचा काही बोलायच्या आतच. कुणाच्या ताटात भाजी जरा तिखट झाली म्हणून आधीच माफी मागावी, तसं. मला तोंडावरच्या फोडांपेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटायची. ते म्हणताना ती माझ्याकडे बघत नसे, टीपॉयवरच्या बशा सारख्या करत असे. मग तिने चांगला डॉक्टर शोधला, गोळ्यांचा लांबलचक कोर्स झाला, आणि अमेरिकेला निघाले तेव्हा माझा चेहरा स्वच्छ होता. एअरपोर्टवर तिने माझ्या गालावरून हात फिरवला होता, एखादं काम नीट पूर्ण झाल्यावर माणूस फिरवतो तसा.

हे सगळं परत आलेलं तिला दिसू द्यायचं नव्हतं. एवढंच.

जानेवारीच्या शेवटी काकूंचा मेसेज आला. काकू म्हणजे आईच्या बँकेतल्या मैत्रिणीची वहिनी. त्या इथे बरीच वर्षं राहतात, आणि मी आले तेव्हा उशी, रजई आणि कुकर त्यांनीच दिला होता. "शनिवारी चार वाजता आपल्याकडे हळदीकुंकू आहे. तू यायचंच आहेस. छान साडी नेस, तुझ्या आईला फोटो पाठवते."

मी तो मेसेज वाचून फोन पालथा ठेवला. नाही म्हणायचं तर कारण लागणार, आणि ते कारण त्यांच्याकडून नणंदेकडे, तिच्याकडून आईच्या टेबलाशी पोचणार. आजारी आहे म्हटलं तर आई रात्रभर जागी राहील. जायचं म्हटलं तर फोटो. मी काकूंना तीन वेगवेगळी उत्तरं टाइप करून खोडली आणि शेवटी जोडलेल्या हातांचा आणि हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी पाठवला.

माझी रूममेट नागपूरची आहे. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण एकच बाथरूम असलेल्या घरात सांगावं लागत नाही. "आरशासमोर काय करून राहिली तू?" ती दारातून म्हणाली. "जाऊन जाऊन तोच आरसा आहे नं, बदलणार आहे का तो?" मग तिने विचारलं, "कशाला एवढं टेन्शन?"

"शनिवारी जायचंय एका ठिकाणी."

"डेट?"

"हळदीकुंकू."

ती इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं. पण रात्री तिने तिच्या आईला विचारलं. तिच्या आईकडे म्हणे अख्ख्या कॉलनीच्या मुली लग्नाआधी तोंडाला लावायचा लेप विचारायला येतात. सकाळी रूममेटने तो मेसेज मला पुढे पाठवला आणि लॅबमध्ये निघून गेली. तिचा कसलासा प्रयोग चालू होता, ती उशिरा येणार होती.

मेसेज मराठीत होता पण इंग्रजी अक्षरांत, आमच्या सगळ्यांच्या आया लिहितात तसा. मसूर डाळ दुधात भिजवून वाटून घे, त्यात एक चमचा ambe halad घाल, गुलाबपाणी घाल, वीस मिनिटं ठेव, मुलायम होतो चेहरा, बेटा.

एरवी असले मेसेज मी मनात मोठ्याने वाचते, कारण डोळ्यांना ते इंग्रजी वाटतात आणि कानांना मराठी. ambe halad वर मी थांबले. हळद कळली. ambe म्हणजे अंबे. अंबामाता. एखाद्या कंपनीची असणार. आईही किराणा आणताना तेल असं म्हणत नाही, तेलाच्या कंपनीचं नाव घेते. मी बस पकडून इंडियन ग्रोसरीत गेले आणि मसाल्यांच्या रॅकपुढे उभी राहिले. हळदीची बरीच पाकिटं होती. एकावर वाघावर बसलेल्या देवीचं चित्र होतं. नाव वेगळंच होतं, पण देवी होती. मला खूप बरं वाटलं. बरोबर वस्तू सापडल्याचं इतकं समाधान मला त्या आठवड्यात दुसऱ्या कशाचं झालं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला विचारावं असं क्षणभर वाटलं, पण विचारताना तो माझ्या तोंडाकडे बघणार आणि त्याला कळणार की हळद भाजीसाठी नाही. मी मफलर नाकापर्यंत ओढला आणि स्वतःच स्कॅन करायच्या मशीनवर पैसे भरून बाहेर पडले.

शनिवारी सकाळी मी डाळ रूममेटच्या स्मूदीच्या ब्लेंडरमध्ये वाटली. ती रवाळ राहिली, पुन्हा फिरवली, शेवटी तिचं गुलाबीसर पीठ झालं. त्यात एक चमचा हळद घातली. चमचा कोणता ते लिहिलं नव्हतं, म्हणून जेवणाचा घेतला. वाटीत एकदम असा पिवळा रंग उतरला की मला वाटलं, हे औषध आहे, याने काहीतरी होणार. लेप गार होता. पाच मिनिटांत तो ओढायला लागला. मी बाथटबच्या काठावर बसून राहिले, चेहरा न हलवता, आणि मनात संध्याकाळची तालीम करत होते. फोटोच्या वेळी मागच्या रांगेत. उजवी बाजू पुढे, कारण डावा गाल जास्त वाईट होता. कुणी विचारलंच तर "थंडीमुळे". वीस मिनिटं झाली तरी मी आणखी थोडा वेळ ठेवला. जास्त ठेवलं तर जास्त बरं होईल, असा हिशेब.

धुतल्यावर आधी वाटलं की नीट धुतलं गेलं नाही. परत धुतलं. साबण लावला. पाणी स्वच्छ यायला लागलं, बेसिन पिवळं झालं, टॉवेल पिवळा झाला, आणि आरशात मी पिवळीच होते. फिकट नाही. कपाळाच्या वर केसांच्या रेषेशी आणि भुवयांत गडद, गालांवर जरा कमी, आणि प्रत्येक फोडाभोवती रंग साचून त्याला आणखी उठाव आलेला. जणू कोणी हायलायटरने खुणा करून ठेवल्या होत्या, हा बघा, आणि हा पण.

मी दूध लावलं. बेसन लावलं. लिंबू लावलं, त्याने नुसती आग झाली. लॅबमध्ये गेलेल्या रूममेटला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"कोणती हळद घातली बे?"

"अंबे. तिच्यावर देवी आहे."

मग ती म्हणाली, "देवी?"

"अंबे हळद लिहिलंय ना तुझ्या आईने."

"आंबे! आंबेहळद! आंब्यासारखा वास येतो तिला, पांढरट असते, ती वेगळी असते गं! तू भाजीची हळद फासली तोंडाला? चमचाभर?" ती हसायचं नाही असं ठरवून बोलत होती आणि ते मला ऐकू येत होतं. "खोबरेल तेल आहे का घरात? नाही? यार. माझं फाउंडेशन घे, वरच्या ड्रॉवरमध्ये आहे."

तिचा रंग माझ्यापेक्षा उजळ. पिवळ्यावर ते फाउंडेशन बसलं तेव्हा मी राखी-हिरवट दिसायला लागले. तेही धुतलं. तीन वाजून गेले होते. काकूंना आता येत नाही असं कळवलं तर त्या फोन करणार, काळजी करणार, कदाचित कुकर घेऊन आल्या होत्या तशा दारात येणार. त्यापेक्षा जाऊन, कोपऱ्यात बसून, लवकर निघावं. पिवळी दिसले तरी फोड जरा लपतील, अशीही एक वेडी आशा होती. मी साडी नेसले, वरून पफर जॅकेट चढवलं आणि बस पकडली.

काकूंच्या दारात बर्फाच्या बुटांचा ढीग होता आणि आत बायकांचा आवाज. मी जॅकेट काढलं, मफलर काढला. मफलरलाही पिवळं लागलं होतं. काकू करंडा घेऊन पुढे आल्या, बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या कपाळापाशी येऊन थांबल्या.

"अगं बाई! हिला कुठे लावू हळद? हिला आधीच लागलीय!"

सगळ्या वळल्या. मला आयुष्यात एवढ्या लोकांनी एकदम कधी बघितलं नसेल.

"खरंच की गं!"

"काय गं, गुपचूप? कोर्टात जाऊन आलीस की काय?"

"मुलगा कुठला? इथलाच? की देसी नाहीच?"

"आम्हाला काय, जेवण मिळालं की झालं!"

या सगळ्या चेष्टा होत्या. मला ते तेव्हाही कळत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, पिंपल्ससाठी लेप लावला होता, चुकीची हळद वापरली. ते म्हटलं असतं तर हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ते म्हटलं की सगळ्या डोळे बारीक करून पिवळ्याच्या खाली बघणार. मग उपाय सांगणार. मग कोणीतरी म्हणणार, आईचीही स्किन अशीच आहे का गं? मी खाली मान घातली आणि हसले.

"बघा, बघा, लाजली!" काकू टाळी वाजवून म्हणाल्या. "लाजली म्हणजे आहे काहीतरी."

काकूंची कॉलेजात जाणारी मुलगी तिळगुळाची थाळी घेऊन फिरत होती. तिचा जन्म इथलाच. तिच्या हनुवटीवर आणि एका गालावर चांदणीच्या आकाराचे छोटे पिवळे स्टिकर होते, फोडांवर लावतात ते, आणि ती ते लावून पाहुण्यांमध्ये हिंडत होती, जसं काही ते कानातलं आहे. ती माझ्यासमोर वाकली आणि कुजबुजली, "इज दॅट टर्मरिक? डझ इट वर्क?" मी लाडू उचलला. तिच्या चांदण्यांकडे बघत राहिले. तिला कुणीच काही विचारत नव्हतं, आणि ते मला इतकं अशक्य वाटत होतं की थोडा रागही आला.

फोटो काढला. मी मागच्या रांगेत गेले तर काकूंनी दंडाला धरून पुढे आणलं. "नवरीने मागे नाही उभं राहायचं." वाण म्हणून स्टीलचा छोटा डबा मिळाला. मी सहाच्या सुमारास निघाले, बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहिले, आणि बसमध्ये बसले तेव्हा फोन वाजला. आई.

भारतात पहाटेचे पाच वाजत होते. आई उठते साडेपाचला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे आहेस?"

"बसमध्ये. का? बाबा बरे आहेत ना?"

"झोपलेत. एकटी आहेस?"

"हो."

"खरं सांग, बरोबर कोण आहे?"

"आई, कोण असणार?"

तिचा आवाज दबका होता, स्वयंपाकघराचं दार लावून बोलत असल्यासारखा. "मला बँकेतून मेसेज आलाय. फोटो आलाय. अभिनंदन लिहिलंय, आम्हाला कळवलंही नाही लिहिलंय. तुझ्या तोंडाला हळद आहे. साडी आहे." ती थांबली. "मी ओरडणार नाही. बाबांना उठवलेलं नाही अजून. फक्त मला सांग."

"आई, ती गंमत होती. काकूंनी गंमत केली."

"हळद गंमत म्हणून लागली तोंडाला?"

"लेप होता तो."

"कसला लेप?"

बसच्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि आतल्या पांढऱ्या दिव्यात तो पिवळाही दिसत नव्हता, मातकट दिसत होता.

"दिवाळीपासून तू मला तोंड दाखवलेलं नाहीस," आई म्हणाली. "जेव्हा बघावं तेव्हा बाहेर. जेव्हा बघावं तेव्हा चालत. तुझी मावशी मला म्हणाली होती, घरात कोणीतरी असणार म्हणून ती बाहेरून बोलते. मी तिला गप्प केलं. माझी मुलगी तशी नाही म्हटलं. आता मी तिला काय सांगू?"

मला सांगता आलं असतं की ग्लो येण्यासाठी लावला, मैत्रिणींबरोबर मजा म्हणून. जिभेवर आलंही होतं. पण तिने श्वास धरून ठेवलाय, हे मला ऐकू येत होतं. ती वाईट बातमी ऐकायला तयार होऊन बसली होती. आणि माझ्याकडे तिच्यासाठी दुसरीच वाईट बातमी होती. मी फोन कानापासून काढला आणि कॅमेरा चालू केला.

तिच्या बाजूला अंधार होता, नुसती आकृती. ती चष्मा शोधत असावी. मग ती स्क्रीनच्या खूप जवळ आली.

"लांब धर जरा. हां."

ती बघत राहिली. समोरच्या सीटवर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तीही एकदा बघून खिडकीकडे वळली.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"डॉक्टर?"

"मार्चमधली अपॉइंटमेंट मिळालीय."

"आणि हे हळदीचं कोणी सांगितलं?"

"रूममेटच्या आईने. आंबेहळद सांगितली होती. मी साधी लावली."

आई हसली नाही. "मला का नाही विचारलंस?"

"तू मग ते म्हणतेस."

"काय म्हणते?"

"माझ्यावर गेली, म्हणतेस. सगळ्यांना."

बस वळली आणि मला खांबाला धरावं लागलं. फोनमध्ये छत आलं, मग परत मी. मला वाटलं आता ती रडणार, आणि मी बसमध्ये, इतक्या लांब, काय करू?

"मग कोणावर जायला हवी होतीस?" ती म्हणाली. "शेजारणीवर?"

ती हसत होती की नाही, ते अंधारात कळलं नाही. मीही हसले नाही. मग ती म्हणाली, "थांब, दिवा लावते," आणि फोन ओट्यावर टेकवून उठली. ट्यूब एकदोनदा फडफडली आणि लागली.

आई परत समोर आली. तिचे केस पुढून पांढरे झाले होते. नुसत्या मुळांशी नाही, कपाळापासून मागे दोन बोटं पांढरे, आणि गळ्याजवळची हाडं दिसत होती. तिच्याशी मी जवळजवळ रोज बोलत होते.

"आई, केस रंगवत नाहीस?"

"सोडलं की. तीनेक महिने झाले."

"बोलली नाहीस."

"सांगायचं काय त्यात? दिसलं असतंच तुला." तिने केसांवरून हात फिरवला आणि खाली घेतला. "बरी आहे मी. शुगरचं जरा निघालंय, ते नंतर सांगते. आधी तू डावा गाल दाखव. मघापासून एकच बाजू धरून बसलीयस."

"काय निघालंय?"

"दाखव आधी."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तोंड फिरवलं.